मनू एकतीस वेळा गेला

करी रोडच्या ज्या चाळीत अनुजा घाडीगावकर जन्मली, ती पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला आणि घाडीगावकरांना चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्टला वेळ लागायचा. तो वेळ अनुजाला सोसत नसे. ती जिन्याने चौदा मजले उतरायची आणि खाली पोचल्यावर दिसायचं की लिफ्ट तिच्या आधीच येऊन उभी आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जिनाच.

वय तेहतीस, पण स्वभाव लहानपणापासून हाच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती ते पुरं करायची, आणि बहुतेक वेळा बरोबर करायची, त्यामुळे लोक आणखीच चिडायचे. मैत्रिणींचे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकायची. खुर्चीत बसली की उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. वडील जयवंत गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते आंब्याच्या कलमांत रमले. घरात ती आणि आई मालन, दोघीच. मालन म्हणायची, "ह्या पोरीच्या पायात मोटर बसवलीहा."

अशा बाईला देवाने काम द्यावं कसलं, तर वेळ वाढवायचं. दादरच्या एका स्टुडिओत ती रोजच्या मालिकेची एडिटर होती. या धंद्यात आधी शूट करून ठेवलेल्या भागांच्या साठ्याला बँक म्हणतात. बँक भरलेली असली की सगळे सुखी. तीन वर्षांत अनुजाने ती भरलेली एकदाच पाहिली होती. एरवी रोज दुपारी धनेशदादा, म्हणजे तिचा वरचा माणूस, दारातून डोकं आत घालून म्हणायचा, "अनु, आज साडेतीन मिनिटं कमी आहेत गं."

मग अनुजा साडेतीन मिनिटं जन्माला घालायची. सासूच्या चेहऱ्याकडे तीन बाजूंनी तीनदा बघायचं. कप फुटला की तो पुन्हा सावकाश फोडायचा. आणि तरीही कमी पडलंच तर मनू होता. मनू म्हणजे मालिकेतल्या रेवाचा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी तो घाटात मोटरसायकलवरून पडून मेला होता. त्या मरणाचा चाळीस सेकंदांचा तुकडा अनुजाने कॉम्प्युटरवर समोरच ठेवला होता, नाव "मनू_४०". रेवा जरा खिडकीशी उभी राहिली की तिला मनू आठवायचा, आणि चाळीस सेकंद भरून निघायचे.

संध्याकाळी साडेसातला मालन ती मालिका बघायची. कोणाची करामत आहे हे तिला ठाऊक होतं. "चार दिवस झाले गो, त्या बायेन पाकीट हातात धरलाहा. तूच उघड की एकदा!"

"उद्या उघडेल."

"कालपण असाच म्हणालंस."

या सगळ्याचं उट्टं अनुजा पहाटे काढायची. साडेपाचला उठून, चहाचा कप घेऊन, ती आपल्या लॅपटॉपवर नेमकं उलटं काम करत बसायची.

कॉलेजात असताना तिला "सात घंटा" नावाच्या जपानी अॅनिमे म्हणजे कार्टून मालिकेचं वेड लागलं होतं. घंटा ओतणाऱ्याच्या मिओरी नावाच्या मुलीची गोष्ट. तिच्या गावच्या सात घंटा चोरीला जातात आणि ती त्या शोधायला निघते. भाग पाचशे अडतीस. गोष्ट मुळात एका साप्ताहिकात चित्रकथा म्हणून येत होती, आणि टीव्हीवरची मालिका धावत धावत तिला गाठायची. गाठली की पुढे सांगायला काही नाही. मग मालिकावाले मध्येच स्वतःचं काहीतरी घुसडायचे. मिओरी एखाद्या गावात अडकायची, जुन्या आठवणी पुन्हा दिसायच्या, दोघेजण तलवारी उपसून अख्खा भाग एकमेकांकडे बघत उभे राहायचे. या भरतीला जगभरचे चाहते फिलर म्हणतात, आणि त्यातले काही उपद्व्यापी ते कापून गोष्ट पुन्हा सलग जोडतात. त्या जोडलेल्याला म्हणायचं फॅन एडिट. दाम नाही, नाव नाही. असलंच तर टोपणनाव. अनुजाचं होतं "कात्री".

सहा वर्षांत तिने चारशे भागांचे एकशे साठ केले होते. नुसतं कापणं कोणालाही जमतं. कापलेलं दिसू न देणं हे खरं काम. मधला तुकडा काढला की खालचं संगीत तुटतं, मग तिथे वारा आणायचा, पावलांचा आवाज ओढून घ्यायचा, पात्राने श्वास घेतला की त्या श्वासावर जोड मारायची. पावणेचारशे जणांचा बंदिस्त ग्रुप होता, आणि त्यात माटुंग्याचा हितेंद्र होता. तो कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. कात्रीचा प्रत्येक भाग मूळ चित्रकथेशी पानापानाने ताडून पाहणं हे त्याने स्वतःवर घेतलेलं व्रत. दोघांमध्ये अंतर दोन मैलांचं, पण ओळख फक्त मेसेजची. हितेंद्रचा नियम एकच, चित्रकथेत नाही ते ठेवायचं नाही. अनुजालाही तो नियम फार आवडायचा, कारण त्यात विचार करावा लागत नसे. मिओरी मिठागरांच्या गावात हिवाळा काढते ते नऊ भाग तिने चौपट वेगाने पुढे ढकलत पाहिले होते आणि नऊच्या नऊ उडवले होते. त्या दिवशी स्टुडिओत ती गुणगुणत गेली होती.

जूनमधल्या एका सोमवारी धनेशने तिला आपल्या टेबलाशी बोलावलं आणि टॅबलेट पुढे सरकवला.

"हे बघ. कोणीतरी आपली सिरियल कापून टाकतंय."

नेटवर एक चॅनल होतं. नाव "नलूसाठी". तीनशेच्या वर व्हिडिओ. प्रत्येकावर तारीख आणि वेळ, बाकी काही नाही. बावीस मिनिटांचा भाग कुठे चार मिनिटांचा झाला होता, कुठे पावणेतीन. अनुजाने पहिला लावला. तिचा पाय हलायचा थांबला.

सासूची तीनदा वळलेली मान एकदाच वळत होती. कप एकदाच फुटत होता. दार वाजलं की लगेच उघडलं जात होतं. पण तिला धरून ठेवलं ते जोडांनी. कापणारा श्वासावर कापत होता. साधनं साधी असावीत, आवाज कुठे कुठे खडखडत होता, पण हात शहाणा होता.

"हा धंदेवाईक माणूस आहे," ती म्हणाली.

"कोण का असेना. वकिलांना यादी हवीय. कुठल्या भागातलं काय उचललंय ते मिनिट-सेकंदासकट. तुझ्याइतकं फुटेज कोणाला पाठ आहे? शुक्रवारपर्यंत दे."

ती जागेवर परत आली आणि तिचं डोकं दोन दिशांना पळायला लागलं. एकीकडे राग. मागच्या महिन्यात रेवा दिवा लावते त्या प्रसंगावर तिने अख्खी दुपार घातली होती, आणि या माणसाने त्याचे सहा सेकंद ठेवले होते. दुसरीकडे आपण पहाटे काय करतो ते तिला माहीत होतं. तिसरी गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी दुपारी यादी करताना दिसली. एकाही व्हिडिओत मनूचं मरण नव्हतं. बाकी आठवणी कधी राहिल्या होत्या, कधी गेल्या होत्या, पण मनू झाडून सगळीकडून काढलेला. रेवा खिडकीशी जायची, आणि तिथून थेट स्वयंपाकघरात.

खालच्या प्रतिक्रियांत एकाने विचारलं होतं, "सुभद्राताई, आज उशीर झाला?" अनुजाने तिथेच लिहिलं, "मला तुम्हाला भेटायचं आहे. मी याच मालिकेत काम करते. घाबरू नका." अर्ध्या तासात उत्तर आलं: गिरगावचा पत्ता, घरचा लँडलाइन नंबर आणि "घाबरत नाही. बुधवारी दहाला या."

बुधवारी ती साडेनऊलाच पोचली आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारवेना म्हणून दहाला दहा कमी असताना बेल दाबली.

दार उघडणारी बाई सत्तरीची, उंच, कानामागे पेन्सिल खोचलेली. सुभद्रा आपटे, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, शेजारी वही आणि भिंगाचा चष्मा.

"तुम्ही मालिकेत काय करता?"

"एडिटिंग."

"म्हणजे ते सगळं तुम्ही करता?" बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मला वाटलं कोणी म्हातारा, कंटाळलेला माणूस असेल."

"मला वाटलं तुम्ही धंदेवाईक आहात."

"तीस वर्षं लोकांची बोलणी जोडली आणि तोडली. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की कानात सांगायचं. कुठे तोडलं की माणसाला लागत नाही ते कळतं." मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "काय, बंद करायला सांगायला आलीस?"

तुम्हीचं तू झालेलं अनुजाच्या लक्षात आलं, आणि बरं वाटलं. तिने वकिलांच्या यादीचं सांगितलं, मग दोघी तासभर एकेक जोड बघत बसल्या. न राहवून दिव्याच्या प्रसंगाचंही विचारलं. "त्यातले सहाच सेकंद का ठेवले, मावशी?"

"कारण सातव्याला ती मुलगी दिवा विसरून कॅमेऱ्याकडे बघते."

ते खरं होतं. अनुजाला ते तेव्हाही दिसलं होतं.

"आणि मनू? तो का काढता?"

सुभद्राताई उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. अकरा वाजले होते. "नलू," त्या म्हणाल्या. "माझी मोठी बहीण. अँटॉप हिलला मुलाकडे असते. दोन वर्षांपूर्वी झटका आला. रोज अकराला आम्ही कालच्या भागाबद्दल बोलतो. बस, ऐक. पण मध्ये बोलायचं नाही." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

नलूताईंचा आवाज बारीक होता आणि शब्द एकेक करून येत होते. "काल... रेवानं... ते... ते..." पुढचा शब्द सापडेना. अनुजाला ठाऊक होता. पाकीट. तो तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थडकला, तशी सुभद्राताईंनी मान न वळवता तिच्या दिशेने एक बोट उचललं. अनुजाने ओठ दाताखाली धरले. पाय हलायला लागला तो तिने हाताने दाबला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धी फेरी फिरला.

"पाकीट," नलूताई शेवटी म्हणाल्या, आणि खुद्कन हसल्या.

"हो गं. उघडलं एकदाचं."

"मनूचा फोन... आला का गं, रेवाला?"

सुभद्राताईंनी अनुजाकडे पाहिलं. "येतो की. तो कामात असतो ना."

फोन ठेवल्यावर त्यांनी वहीचं पान सारखं केलं. मग म्हणाल्या, "झटक्यानंतर तिला आधीचं आणि आत्ताचं वेगळं काढता येत नाही. ती आठवण दाखवता ना तुम्ही, रेवाची? नलूला ती आठवण वाटत नाही. तिला वाटतं, आत्ता झालं. दर वेळी नव्याने. दोन-दोन दिवस जेवायची नाही. मला फोन करून विचारायची, सुभद्रा, गेला का गं तो पोरगा? उन्मेष, तिचा मुलगा, म्हणाला टीव्ही बंद करतो. पण मग आम्ही दोघींनी बोलायचं कशावर? म्हणून मी शिकले हे."

"किती वेळा?" अनुजाने विचारलं.

"किती वेळा काय?"

"काही नाही."

तिने स्वतःचं सांगितलं ते तिथेच, उभ्या उभ्या. मिओरी, घंटा, चारशे भागांचे एकशे साठ. सुभद्राताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तूही त्यातलीच की. मग मला पकडायला तुला पाठवलंय होय?" आणि त्या हसत चहा ठेवायला आत गेल्या.

दुपारी स्टुडिओत आल्याबरोबर अनुजाने जुन्या भागांत शोध घातला. "मनू_४०" एकतीस वेळा वापरला होता. एकतीस वेळांतल्या बहुतेक वेळी तिच्या मनात त्या क्षणी काय होतं, तर साडेसहाची बस.

शुक्रवारी भाग पन्नास सेकंदांनी कमी पडला. धनेशने दारातून सांगितलं, "टाक की मनूला." तिने तो तुकडा उचलला नाही. न वापरलेलं फुटेज उघडलं आणि तासभर शोधत बसली. एका ठिकाणी सेटवरचे दिवे बदलत होते, कॅमेरा चालूच राहिला होता आणि रेवाचं काम करणारी नटी हातातली मेथीची जुडी खरोखरच निवडत बसली होती. कोवळी पानं एकीकडे, काड्या एकीकडे. तिने ते पन्नास सेकंद तसेच्या तसे लावले. ना संगीत, ना काही.

धनेश मागे उभा राहून बघत होता. "हे काय? यात काही होतच नाही."

"मनू मरण्यापेक्षा बरं आहे."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. गिरगाव, फोन, पाकीट. आपल्या पहाटेच्या उद्योगाचं मात्र नाही सांगितलं, तेवढी हिंमत झाली नाही. धनेश काही वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळ चोळलं, दोनदा "च्यायला" म्हणाला आणि मग म्हणाला, "त्यांना सांग, उघड्यावर ठेवू नका. घरातल्या घरात बहिणीला काय दाखवायचं ते दाखवा. मी वर बोलतो, चॅनल बंद झालं म्हणून."

सुभद्राताईंनी त्याच संध्याकाळी चॅनल बंद केलं. त्यांचे जे चाळीसेक नेमाचे प्रेक्षक होते, ते हळहळले. त्यातल्या चौघींनी नंबर शोधून फोन केले, आणि एकीने तर अनुजाच्याच मालिकेला शिव्या घातल्या. भाग आता रोज पेन ड्राइव्हवरून अँटॉप हिलला जायचा. उन्मेष ऑफिसला जाता-येता तो न्यायचा. मेथीच्या पन्नास सेकंदांतले सुभद्राताईंनी किती ठेवले, हे अनुजाने मुद्दाम विचारलं. "सगळे," त्या म्हणाल्या. "नलूने विचारलं, भाजी कुठून आणली. आम्ही त्या दिवशी पाऊण तास भाजीवर बोललो." मालनने मात्र त्या दिवशी चॅनल बदललं होतं.

इथवर बरं झालं, पण अनुजाचं चित्त थाऱ्यावर येईना. पहाटे लॅपटॉप उघडला की हात चालत नसे. ती मिओरीकडे बघायची, आणि तिला वाटायचं की तिकडेही कोणीतरी एडिटर बसला असेल, दारातून कोणीतरी डोकं घालून म्हणाला असेल, आज साडेतीन मिनिटं कमी आहेत. त्याने काय उचललं असेल? नुसतं हाताशी होतं ते, की कुठे मेथी शोधली असेल? हे चौपट वेगात कळणं शक्य नव्हतं. शेवटी तिने मिठागराचे नऊ भाग पुन्हा काढले आणि साध्या वेगाने लावले.

पहिले तीन रटाळ होते. खरंच रटाळ. तिने खोलीत येरझाऱ्या घातल्या, दोनदा चहा केला, एकदा बोट पुढे ढकलायच्या बटणावर गेलं तर हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मालन दारातून म्हणाली, "काय झाला गो? दातबीत दुखतत काय?" चौथ्या भागात मिओरी आजारी मीठवालीच्या शेजारी बसते आणि बाहेर बर्फ पडत राहतं. दोघी बोलत नाहीत. कोणीतरी तो बर्फ नीट, वेगवेगळ्या झोताने पडेल असा काढला होता. घाईत उचललेला नव्हता. अनुजाने तो भाग दोनदा पाहिला. पुढचे पाच पुन्हा टुकार.

तिने आठ भाग कापलेलेच ठेवले आणि तो एक परत जोडला. हितेंद्रचा मेसेज दहा मिनिटांत आला. "हा चित्रकथेत नाही."

"माहीत आहे."

"मग कशासाठी? उद्या दुसरा म्हणेल त्याचा आवडता ठेवा. नियम काय राहिला?"

तिच्यापाशी नियम नव्हता. "चांगला आहे म्हणून," एवढंच तिने लिहिलं. यावर ग्रुपमध्ये आठवडाभर रण माजलं. अखेर हितेंद्रने दोन प्रती ठेवायचं ठरवलं, एक शुद्ध आणि एक कात्रीची. अनुजाला ते मनातून लागलं. सहा वर्षांत तिच्या कामावर असं वेगळं लेबल कधी लागलं नव्हतं. काही दिवस तिने ग्रुप उघडलाच नाही. मग उघडला, कारण राहवेना.

मालिका पुढच्या फेब्रुवारीत संपली. तोपर्यंत मनू एकदाही पडला नाही. कमी पडेल तिथे अनुजा फुटेजमध्ये खणत राहिली, कधी सापडायचं, कधी नाही, आणि न सापडलं की सासूची मान होतीच. नंतर तिने परळला जाहिरातींच्या कंपनीत नोकरी धरली. तीस सेकंदांचं काम, भरती शून्य. तिला वाटलं होतं आपण सुखी होऊ. तीन महिन्यांत तिला तीस सेकंदही लांब वाटायला लागले, आणि ती पुन्हा इकडे तिकडे विचारायला लागली.

सुभद्राताईंकडे मालिका संपल्यावर पेच आला. अकराच्या फोनला विषय हवा. अनुजाने त्यांना "सात घंटा" सुचवली. ती स्वतः कापलेली प्रत घेऊन गिरगावला गेली, आणि मराठीत वाचून दाखवता येतील असे संवादही लिहून नेले. सुभद्राताईंनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन फिरवला.

"हे तू कापलेलं?"

"हो. सहा वर्षांचं काम आहे."

"मग मला नको. मूळ आण. पाचशे अडतीसच्या पाचशे अडतीस."

"मावशी, त्यातले सव्वातीनशे फालतू आहेत!"

"असतील. नलूला काय चालतं ते तुला काय माहीत? माझं मी कापीन. ही प्रत राहू दे, नंतर ताडून बघायला."

अनुजाने मूळ आणून दिलं. आता दर आठवड्याला तिला एक मेसेज येतो, भाग अमुक, मिनिट तमुक, इथून बारा सेकंद जास्त झालेत, तू कसे ठेवलेस? अनुजा चिडून आपली प्रत उघडते, ते बारा सेकंद पाहते, पुन्हा पाहते, आणि तिथल्या तिथे फोन लावते. पलीकडे अकराचा फोन चालू असला तर लाइन व्यस्त लागते. मग ती चप्पल घालून घरातल्या घरात फिरत राहते, दर दोन मिनिटांनी पुन्हा नंबर लावत.